फेरमोजणी मागणे म्हणजे रडीचा डाव नव्हे



अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची भानगड दोन महिने रेडिओवर आणि पेपरात चालली होती. ७ नोव्हेंबर २००० ला मतदान झाले, १२ डिसेंबरच्या रात्री तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि २० जानेवारी २००१ ला जॉर्ज बुश यांनी शपथही घेतली. पेण आणि रोह्याच्या आपल्या बैठकांत हा विषय निघाला तेव्हा दोन प्रकारचे बोलणे ऐकायला मिळाले. कुणी म्हणाले, "आपल्याला काय त्याचं? आपलं भांडण प्लॉटचं." कुणी म्हणाले, "हरला तो रडतोय. एकदा मोजलं ना, मग संपलं."

पहिले बोलणे आम्ही समजू शकतो. बुश बसला काय आणि गोर बसला काय, आपल्या नाचणीच्या तुकड्यावर त्याने काही उगवत नाही. पण दुसरे बोलणे आम्हाला बिलकुल मान्य नाही. "एकदा मोजलं, आता संपलं" हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे ते आठवा. कचेरीच्या टेबलापुढे ऐकले आहे. प्लॉटचा दावा घेऊन गेलेल्या म्हाताऱ्याला हेच वाक्य सुनावतात. म्हणून अमेरिकेत काय झाले आणि आपल्याकडे काय होते, हे एकत्र मांडून बघण्यासाठी हा लेख.

तिकडे काय झालं

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या एकूण मतांवर ठरत नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक प्रतिनिधी-मते असतात. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मते, त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी प्रतिनिधी-मते पडतात. त्या वेळी साऱ्या देशातली मते धरली तर अल गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांवर जास्त मते होती. तरी सगळे गाडे फ्लोरिडा या एका राज्यावर येऊन अडले. तिथे साठ लाखांच्या आसपास मते पडली. पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. मशीनने पुन्हा मोजले, तर फरक काही शेकड्यांवर आला. शेवटी २६ नोव्हेंबरला सरकारी आकडा जाहीर झाला तो ५३७ चा. साठ लाखांत ५३७! आपल्या दोन-तीन वाड्यांची माणसे बाजूला झाली की संपला तो फरक.

आता मत मोजायची पद्धत ऐका. तिथे तेव्हा बऱ्याच ठिकाणी जाड कागदाच्या कार्डाला टोच्याने भोक पाडून मत देत आणि मशीन ती भोके वाचत असे. भोक पाडताना कागदाची टिकली पूर्ण पडली नाही, लोंबकळत राहिली, किंवा नुसता खड्डा पडला, तर मशीन म्हणायचे मतच नाही. एका जिल्ह्यात उमेदवारांची नावे दोन बाजूंना आणि भोके मधल्या एका रांगेत अशी पत्रिका काढली होती. कितीतरी म्हाताऱ्यांनी भलत्याच नावासमोर भोक पाडले. काळ्या लोकांच्या वस्त्यांतून तक्रारी आल्या की यादीत नाव असायला हवे ते नव्हते, मतदान केंद्रावरून परत पाठवले. साऱ्या राज्यात मिळून लाखावर कार्डे अशी राहिली, की ज्यांच्यातून राष्ट्राध्यक्षाचे एकही मत मोजले गेले नाही. शिकल्या-सवरल्या, पैसेवाल्या देशात हे झाले. म्हणजे अडाणीपणाचा शिक्का आपल्याच कपाळी मारायचे कारण नाही.

निकालावर सही करणारी अधिकारी बाई कोण होती? बुश यांच्या प्रचार समितीत पद घेतलेली. राज्याचा गव्हर्नर कोण? बुश यांचा सख्खा भाऊ. आम्ही असे म्हणत नाही की त्यांनी मते चोरली. आमचे म्हणणे एवढेच, की पंच आपल्याच घरचा असला तर दुसऱ्या बाजूला "पुन्हा मोजा" म्हणायचा हक्क दुप्पट होतो.

८ डिसेंबरला फ्लोरिडाच्या वरच्या कोर्टाने हुकूम दिला, की मशीनने न वाचलेली कार्डे राज्यभर हाताने तपासा. माणसे बसली, कार्डे उजेडात धरून बघू लागली. दुसऱ्याच दिवशी, ९ तारखेला, दिल्लीसारख्या त्यांच्या राजधानीतल्या सर्वोच्च न्यायालयाने मोजणी थांबवली. १२ तारखेला रात्री पाच विरुद्ध चार न्यायाधीशांनी ती कायमची बंद केली. कारणे दोन. एक, प्रत्येक जिल्ह्यात मोजायचा नियम वेगळा आहे, एकीकडे लोंबकळती टिकली मत धरतात, दुसरीकडे धरत नाहीत, त्यामुळे मतदारांना समान वागणूक मिळत नाही. दोन, आता वेळ उरलेला नाही.

पहिले कारण आम्हाला पटते. नियम एकच पाहिजे. पण त्यावरचा उपाय म्हणजे एक नियम ठरवून देणे आणि मोजणी पुरी करणे. माप खोटे निघाले म्हणून कुणी धान्य मोजायचेच सोडून देते का? खरे माप आणतो आणि पुन्हा मोजतो. दुसरे कारण तर चक्क आपल्या ओळखीचे आहे. आधी काम थांबवायचे, आणि मग म्हणायचे की मुदत संपली.

रोह्याचा माणूस आणि १९६९ ची निवडणूक

हसायला दुसऱ्याचे घर बरे असते. आपल्या देशातही राष्ट्रपतीची निवडणूक अशीच अटीतटीची झाली, कोर्टात गेली, आणि तिच्यात आपल्या जिल्ह्याचा एक माणूस मधोमध उभा होता. चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नात्याला जन्म, बालपण रोह्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, १९५२ साली आपल्याच कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर, तेव्हा केंद्रात अर्थमंत्री, आणि मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून १९५६ साली मंत्रिपद सोडलेले. रोह्यात त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. आपली पोरे तिथे शिकायला जातात, पण ही गोष्ट त्यांना कुणी सांगत नाही.

३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. काँग्रेस पक्षाने नीलम संजीव रेड्डी यांना उभे केले. उपराष्ट्रपती वराहगिरी गिरी अपक्ष उभे राहिले. इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या उमेदवारावर शिक्का मारा असे न सांगता, ज्याने त्याने आपल्या विवेकाला स्मरून मत द्यावे, असे सांगितले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने चिंतामणराव देशमुखांना पुढे केले. मतदान १६ ऑगस्टला, मोजणी २० ऑगस्टला.

राष्ट्रपतीला आपण मत देत नाही. आमदार-खासदार देतात, आणि प्रत्येकाच्या मताला वजन असते. आज महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत १७५ धरतात, सिक्कीमच्या आमदाराचे ७; खासदाराचे २०१७ च्या निवडणुकीपर्यंत ७०८ धरत. आमदाराच्या मताचे वजन १९७१ च्या जनगणनेवर काढलेले आहे. म्हणजे आमदार पेटीत चिठ्ठी टाकतो तेव्हा त्यात आपली मुंडकी मोजलेली असतात. चिठ्ठी त्याची, वजन आपले. हे ध्यानात ठेवा, पुढे दळीच्या गोष्टीत कामाला येईल.

पहिल्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. जिंकायला ४,१८,१६९ पाहिजे होती. कुणीच पोचले नाही. मग काय केले? पुन्हा निवडणूक घेतली नाही, की पुढे आहे त्याला जिंकला म्हणून सोडले नाही. या निवडणुकीत मतदार चिठ्ठीवर लिहितो, माझी पहिली पसंती अमुक, दुसरी तमुक. शेवटचे उमेदवार एकेक करून बाद केले आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवरची पुढची पसंती उघडून मोजली. देशमुखांच्या चिठ्ठ्याही तशाच उघडल्या. त्यातल्या बऱ्याचशा रेड्डींकडे गेल्या, पण पुऱ्या पडल्या नाहीत. शेवटचा आकडा: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक १४,६५०. महाराष्ट्राच्या आमदाराच्या आजच्या १७५ या वजनाने बघितले तर ८४ आमदारांच्या मतांएवढाच.

यात आम्हाला घेण्यासारखी गोष्ट दिसते ती अशी. ज्याचा उमेदवार हरला त्याची चिठ्ठी टोपलीत गेली नाही. तिच्यावर आणखी काय लिहिले आहे ते उघडून वाचले गेले. मोजणे म्हणजे माणसाने काय म्हटले आहे ते शेवटपर्यंत ऐकणे. पहिला शब्द ऐकून उठून जाणे याला मोजणी म्हणत नाहीत.

राष्ट्रपती साक्षीला गेले

निकालानंतर काहींनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केले, की ही निवडणूक रद्द करा. भांडण आकड्यांपेक्षा मोजणीच्या आधी काय घडले त्याचे जास्त होते. रेड्डींच्या चारित्र्यावर चिखल उडवणारे एक निनावी पत्रक खासदारांना वाटले गेले होते, टपालाने आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्येसुद्धा. अर्जदारांचे म्हणणे होते की असे दडपण आणून मते फिरवली. हा खटला १९७० साली चालला. गिरी तेव्हा राष्ट्रपती होते, तरी ते स्वतः न्यायालयात गेले आणि साक्ष दिली. शेवटी अर्ज फेटाळले गेले. पत्रकामागे गिरींचा हात होता हे सिद्ध झाले नाही.

यातून दोन धडे घ्यायचे. पहिला: देशाचा राष्ट्रपती साक्षीच्या पिंजऱ्यापाशी येऊ शकतो, तर साध्या हिशेबाचा जाब विचारला म्हणून कुठल्याही साहेबाचा अपमान होत नाही. "साहेबांवर संशय घेता का?" असे दरडावले तर घाबरू नका. मोजून दाखवा म्हणणे म्हणजे चोर म्हणणे नव्हे. जो सरळ आहे त्याचे नाव फेरमोजणीने आणखी पक्के होते.

दुसरा धडा आपल्याला कडू लागेल, पण तोही घ्यायचा. पुराव्याशिवाय केलेला आरोप उभा राहत नाही, मग तो खराही असेना. "गडबड झाली, सगळे मॅनेज होते" असे नाक्यावर बोलून आपले पोट हलके होते, कागदावर काहीच उमटत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालीच उत्तर प्रदेशातल्या राम सेवक यादव यांच्या खटल्यात सांगून ठेवले आहे, की मोघम शंकेवर मतपेट्या पुन्हा उघडायच्या नाहीत. काय चुकले, कुठे चुकले, किती मतांचे चुकले, ते नेमके मांडावे लागते. नेमके मांडायचे तर मोजणीच्या वेळी आपला माणूस जागेवर आणि जागा पाहिजे, हातात वही पाहिजे.

आपला कायदा काय म्हणतो

फ्लोरिडात ज्यावरून एवढे रामायण झाले, त्याचे उत्तर आपल्या निवडणूक नियमांत १९६१ पासून लिहिलेले आहे. मतपत्रिकेवर शिक्का फिकट उठला किंवा दोनदा उठला, एवढ्यावरून ते मत बाद करायचे नाही, जर मतदाराला कुणाला मत द्यायचे होते ते स्पष्ट दिसत असेल तर. म्हणजे कायदा म्हणतो, शिक्क्याची छपाई बघू नका, माणसाचे मन बघा. दोघांसमोर शिक्का असेल, काहीच खूण नसेल, किंवा मतदार ओळखू येईल अशी सही-अंगठा केला असेल, तर मात्र बाद. आपल्या बायांना हे नीट सांगितले पाहिजे. अंगठा देण्याची सवय हाताला आहे, पण मतपत्रिकेवर अंगठा उमटवला की मत गेले.

विधानसभा-लोकसभेला फेरमोजणी मागायचीही रीत ठरलेली आहे. आकडे वाचून दाखवल्यावर उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तिथल्या तिथे लेखी अर्ज द्यायचा, कारणे लिहायची. अधिकाऱ्याने तो मंजूर करायचा किंवा नामंजूर, पण कारण लेखी द्यायचे. एकदा त्याने निकालपत्रावर सही केली की ही वाट बंद. मग ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला तर निकालापासून फक्त १५ दिवस असतात, तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशाकडे अर्ज द्यायला. आपण काय करतो? दहा दिवस गावकीत चर्चा, चार दिवस पुढाऱ्याची वाट बघणे, आणि पंधराव्या दिवशी सुट्टी. मुदत ही धनदांडग्यांची मैतरीण असते. तिच्याशी गाठ आहे हे ओळखून आधीच तयारी ठेवली पाहिजे.

आणखी एक. १९९९ च्या लोकसभेला देशात काही मतदारसंघांत कागदाऐवजी मशीनवर बटन दाबून मते घेतली. पुढे २००४ च्या लोकसभेला ती सगळीकडे आली. मशीन पटकन मोजते, मते बाद होत नाहीत, हे खरे. पण तेव्हाच्या मशीनमध्ये बटन दाबल्यावर मागे कागद उरत नव्हता. मग वाद झाला तर फेरमोजणी कशाची करायची? मशीनला पुन्हा विचारले तर ते पुन्हा तेच सांगणार. फ्लोरिडात निदान कार्डे होती, उजेडात धरून बघता तरी येत होती. मशीनला आमचा आंधळा विरोध नाही. पण ज्याची फेरमोजणी करता येत नाही, त्या मोजणीवर विश्वास ठेवा असे आदिवासीला सांगू नका. कागदाशिवायच्या शब्दावर विश्वास ठेवून आपले बापजादे काय काय गमावून बसले ते आपल्याला माहीत आहे.

मोजणी मतांची आणि मोजणी जमिनीची

आपल्या मराठीत शब्दच एक आहे. मतांची मोजणी आणि जमिनीचीही मोजणी. मोजणीदार साखळी घेऊन येतो तेव्हा जे ठरते, ते मतपेटी उघडल्यावर ठरते त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त जवळचे आहे. आता वर जे सांगितले ते सगळे प्लॉटला लावून बघा.

दळीच्या जमिनींचे घ्या. इंग्रजांच्या काळापासून डोंगरात ठाकूर-कातकऱ्यांना दळीवर जमिनी दिल्या. राब टाकायचा, नाचणी-वरी घ्यायची. कागदावर अनेकदा एकाच म्होरक्याचे नाव, आणि कसणारी घरे पाच-दहा. आमदाराच्या चिठ्ठीसारखेच. नाव एकाचे, वजन सगळ्यांचे. पण आमदाराच्या चिठ्ठीत मागची माणसे मोजतात, आणि दळीच्या कागदात मागची घरे मोजायला तयार नाहीत. म्होरक्या मेला, की म्हणतात खातेदार मयत. अरे, एक माणूस मेला, नऊ चुली पेटत्या आहेत ना?

१९७८ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्यांच्या जमिनी नावावर करायच्या, असे आदेश महाराष्ट्र सरकारने २७ डिसेंबर १९७८ ला आणि पुन्हा १९७९ साली काढले. लगेच १९८० साली केंद्राचा वन संवर्धन कायदा आला आणि केंद्राच्या परवानगीचे कुलूप बसले. केंद्राने १८ सप्टेंबर १९९० च्या परिपत्रकांनी वाट दाखवली. प्रदीप प्रभू यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च १९९५ ला दाव्यांच्या तपासणीचा आदेश दिला. हिशेब करा: पहिल्या आदेशापासून २००१ च्या सुरुवातीपर्यंत बावीस वर्षे झाली. पहिल्या आदेशाच्या वेळी पाळण्यात असलेली पोर तोवर आई झाली, आणि आपण तेव्हाही पात्र की अपात्र याच रांगेत.

तपासणी होते ती कशी? चौकशीला माणूस येतो माघ-फाल्गुनात, जेव्हा अर्धी वाडी वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर गेलेली असते. जागेवर कोणी आढळले नाही, असा पंचनामा होतो. पंच कोण, तर साहेबांबरोबर जीपमधून आलेले. एके ठिकाणी दंडाची पावती असेल तरच दावा धरतात, दुसरीकडे पावती दाखवली तर म्हणतात ही वाचता येत नाही. पावसात भिजलेली, चुलीच्या धुराने पिवळी पडलेली पावती म्हणजे आपली लोंबकळती टिकली आहे. मशीन वाचत नाही म्हणून मत नाही. साहेब वाचत नाही म्हणून जमीन नाही.

आमचे म्हणणे असे आहे की मतपत्रिकेला जो न्याय, तोच पावतीला लावा. शिक्का फिकट असेल तर मन बघा, असा कायदा आहे ना? मग पावती फिकट असेल तर बांध बघा. आंब्याचे झाड किती वर्षांचे आहे ते बघा. राबाची काळी जागा बघा, दगडांची रचलेली ताल बघा, शेजारच्या म्हातारीला विचारा. पावती हा एक पुरावा झाला. ती नाही म्हणून सारी साक्ष खोटी ठरत नाही. ज्यांना गार्डने पावती न देताच पैसे घेतले, त्यांनी कागद कुठून आणायचा?

कुणी म्हणेल, असे किती वेळा मोजत बसायचे? हरणारा प्रत्येक जण म्हणेल पुन्हा मोजा, मग राज्य चालणार कसे? प्रश्न बरोबर आहे, आणि उत्तर सोपे आहे. रोज उठून मोजा असे आम्ही म्हणत नाही. एकदाच मोजा, पण नीट मोजा. नियम आधी सांगा आणि सगळ्यांना एकच लावा. मोजणी उघड्यावर, गावासमोर करा, दोन्ही बाजूंचे पंच घ्या. नामंजूर केले तर कारण लेखी द्या. आणि मोजणी तुमच्यामुळे रेंगाळली तर मुदत आमच्यावर लादू नका. एवढे झाले आणि तरी आमचा दावा खोटा निघाला, तर आम्ही मान खाली घालून मान्य करू. असे झाले नाही तर शंभर वेळा मागू, आणि त्याला रडीचा डाव म्हणणाऱ्याने आधी आपला डाव उघडा करून दाखवावा.

संघटनेतही हीच रीत राहिली पाहिजे. गावबैठकीत हात वर करून ठराव होतो तेव्हा मागे बसलेल्या बायांपैकी एकीने जरी म्हटले, "आमचे हात मोजले नाहीत," तर पुन्हा मोजायचे. अध्यक्षाला राग येता कामा नये. जी गोष्ट सरकारकडे मागतो ती घरात पाळली नाही, तर आपल्या मागणीला वजन उरणार नाही.

आणखी एक मोजणी

९ फेब्रुवारी ते २८ फेब्रुवारी २००१ या काळात जनगणना होती. घराघरात शिक्षक-तलाठी यायचे होते. मार्चच्या १ ते ५ तारखेला ते पुन्हा एकदा खात्री करायला फिरायचे होते. ही मोजणी दहा वर्षांत एकदाच होते आणि हिची फेरमोजणी नसते. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे आदिवासी ग्रामसभेचे हक्क देणारा कायदा आपल्याला लागू नाही. तुम्ही इथे आहातच किती, असे विचारतात. त्याचे उत्तर याच वहीतून काढले जाते.

आणि ती मोजणी ऐन भट्टीच्या हंगामात आली होती. वाडीत कुलूप आणि भट्टीवर झोपडी, अशा घरांचे काय होणार? म्हणून अशा मोजणीआधी प्रत्येक वाडीने यादी करावी. कोण कुठल्या भट्टीवर, घरात माणसे किती, पोरे किती. जे मागे राहिलेत त्यांनी मोजणाऱ्याला ती सांगावी. जे भट्टीवर आहेत त्यांनी तिथे कुणी मोजायला आले की नाही ते बघावे, आले नाही तर मालकाच्या तोंडाकडे न बघता गावच्या तलाठ्याला विचारावे. जमात विचारली की कातकऱ्याने कातकरी सांगायचे, ठाकराने ठाकूर सांगायचे, लाजायचे नाही. "हिंदू लिहा काहीतरी, पुढं चला," असे म्हणून कुणी जमातीचा रकाना मोकळा ठेवत असेल तर त्याला थांबवायचे आणि लिहिलेले वाचून दाखव म्हणायचे. वाचून दाखवणे ही पण फेरमोजणीच आहे, आणि ती तिथल्या तिथे होते, फुकट होते.

प्लॉटचीही अशीच वही वाडीवाडीत सुरू करावी. कसणाऱ्याचे नाव, बाईचे नाव बरोबरीने, कधीपासून, चतुःसीमा, काय पिकते, पावती आहे की नाही, साक्षीदार म्हातारे कोण. म्हातारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत, त्यांची साक्ष आत्ता लिहून अंगठे घ्या. चौकशी कधीही येवो, आपली मोजणी आपल्याजवळ तयार पाहिजे. सरकारची वही आणि आपली वही शेजारी ठेवून बोलायचे दिवस यायचे असतील तर दुसरी वही आधी असली पाहिजे.

फ्लोरिडातली कार्डे कपाटात पडून राहिली. तिथले पेपरवाले ती उघडून बघायच्या तयारीत होते. निघेल तो आकडा निघो, खुर्चीवर बसलेला माणूस त्याने उठणार नव्हता. आपले तसे नाही. आपली जमीन कपाटात नाही, डोंगरावर आहे, आणि आपण तिच्यावर उभे आहोत. जोवर उभे आहोत तोवर मोजणी संपलेली नाही.

जिंदाबाद!